आदरार्थी बहुवचन

माझ्या मुलीने माझ्या फोनवरून एकशे त्रेचाळीस जणांची माफी मागितली, आणि तेव्हा मी ओट्यापाशी उभी राहून बोंबील साफ करत होते. मला पत्ताही नाही. फोन टिंगटिंग वाजायला लागला तेव्हा मी विचारलं, काय गं, कोण गेलं? आमच्या वयाला एवढे मेसेज कोणी गेल्याशिवाय येत नाहीत.

"कोणी नाही गेलं, तूच चाललीयस," ती म्हणाली. "हजला जायच्या आधीचा माफीचा मेसेज टाकला सगळ्यांना एकदम. आता दारोदार फिरायची कटकट नको."

हजच्या यादीत माझं आणि नवऱ्याचं नाव लागलं होतं. निघायला तीन आठवडे होते. निघायच्या आधी ओळखीच्या प्रत्येकाच्या दारात जायचं आणि "बोललं-चाललं माफ करा" म्हणायचं, अशी आमच्यात रीत आहे. तिच्यामागचं कारण सरळ आहे. नमाज चुकवलीत, रोजा सोडलात, तर तो तुमचा आणि अल्लाहचा मामला. तो दयाळू आहे, बघून घेईल. पण माणसाचं मन मोडलंत, तर ते तो परस्पर माफ करत नाही. ज्याचं मोडलं त्याच्यापुढेच जाऊन उभं राहावं लागतं. आणि तुमच्या वतीने दुसरं कोणी उभं राहिलेलं चालत नाही. निवाड्याच्या दिवशी ज्याचं ओझं त्याच्याच पाठीवर, आई नाही, बाप नाही, कोणी नाही. हे मी बोलायला शिकले तेव्हापासून ऐकत आलेय.

मी हात पुसले आणि मेसेज वाचला. "आमच्याकडून कळत-नकळत आपलं मन दुखावलं गेलं असल्यास मोठ्या मनाने माफ करावे." खाली गुलाबाची फुलं.

माझं डोकंच फिरलं. लालबागच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. (मुसलमान बाई मराठी शिकवते म्हटल्यावर लोक तोंडावर म्हणायचे, "तुमचं मराठी किती छान हो!" मग काय फारसी बोलू? रत्नागिरीकडची आम्ही, घरात कोकणी, बाहेर मराठी, आणि राहायला घोडपदेव.) तर एकतीस वर्षं मी पोरांना सांगितलं की कर्मणी प्रयोगात कर्ता लपतो. "काच फुटली गेली" म्हणणारा पोरगा मी बाकावर उभा करायचे. फुटली गेली काय मेल्या, कोणी फोडली? आणि इथे माझ्याच फोनवरून, "दुखावलं गेलं असल्यास!" कोणी दुखावलं? कोणाला? कधी? वर "आमच्याकडून". पाप करताना मी एकटी, आणि माफी मागताना सगळं खानदान.

उत्तरं येत होती. सोसायटीच्या सेक्रेटरीने अंगठा पाठवला. दातांच्या डॉक्टरने "हॅपी जर्नी" लिहिलं. एका विहिणीने "माफ किया" आणि तीन फुलं. आणि मग मुलगी म्हणाली, "बघ अम्मी, नवव्या मजल्यावरच्या ताईंनीपण केलं माफ. दोनदा हात जोडलेत."

मी तिच्यावर एवढी ओरडले की आतल्या खोलीत नवरा उठून बसला. काय ओरडले ते आठवत नाही. तिला कळेना, एवढं काय बिघडलं. कळणार तरी कसं? मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

ही ताई म्हणजे आमच्या जुन्या चाळीतली शेजारीण. आता टॉवर झालाय, ती नवव्या मजल्यावर आहे आणि मी अकराव्या, पण तेव्हा तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्यांमध्ये एक भिंत होती, तीही अशी की पलीकडे फोडणी पडली की इकडे शिंका. त्यांचं घर मालवणी. वडील गिरणीत होते, मग गिरणी बंद पडली आणि ते घरात. आई, म्हणजे आमची काकी, तोंडाने फटकळ आणि हाताने मोकळी. आणि ताई, त्यांची एकुलती एक, दादरला एका कचेरीत टायपिस्ट. घर तिच्यावर चालायचं. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी.

मला मराठी आलं ते ताईमुळे. आमचे बावा, म्हणजे वडील, गोदीत कामाला. मुलींनी सातवीपर्यंत शिकावं आणि शिवणाचं मशीन शिकावं, एवढंच त्यांचं धोरण. ताईने काकीला पुढे घातलं, काकीने बावांना झाडलं, आणि माझी शाळा पुढे चालू राहिली. पण एका अटीवर. बावा म्हणाले, "एक तक्रार, एकच तक्रार कानावर आली तर त्या दिवशी शाळा बंद." रोज संध्याकाळी ताई गॅलरीत बसून मला व्याकरण शिकवायची. एकदा तिने आदरार्थी बहुवचन समजावून दिलं. म्हणाली, "'येतात' म्हटलं तर कितीजण येतात ते कळत नाही बघ. दोन बायका आल्या तरी येतात, आणि एकच मोठे गृहस्थ आले तरी येतात. म्हणून वाक्यात कोण ते सांगायचं, नाहीतर ऐकणारा मनाला येईल ते समजतो." मला ते फार आवडलं होतं.

त्या वर्षी मी दहावीत होते. दोन मैत्रिणींबरोबर शाळा बुडवून राणीच्या बागेत गेले. ताईने आम्हाला बाहेर भेळ खाताना पाहिलं आणि आईला सांगितलं. बावांना नाही, फक्त आईला. आईने मला लाटण्याने हाणलं आणि बावांपासून ते लपवलं. म्हणजे ताईने माझं भलंच केलं. पण सोळा वर्षांच्या पोरीला भलं कळतं होय? मी तीन आठवडे ताईशी बोलले नाही. मनात एकच, बघून घेईन.

आणि बघायची संधी स्वतःच्या पायांनी चालत दारात आली.

ताईला परळचं स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत, बघण्याचा कार्यक्रम झालेला, पसंती झालेली, काकीने शेवया करायला घेतलेल्या. फक्त चौकशी बाकी होती. त्या काळी लग्न ठरवायच्या आधी मुलाकडची एखादी वयस्कर बाई मुलीच्या चाळीत येऊन गुपचूप विचारपूस करून जायची. आणि विचारायची कोणाला? मुलीच्या जातवाल्यांना विचारून उपयोग नाही. ते भाऊबंदकीत असले तर वाईट सांगणार, नात्यात असले तर चांगलं. तिऱ्हाईताला विचारायचं. आमच्या मजल्यावर तिऱ्हाईत म्हणजे आम्ही. मुसलमानांना काय घेणं ना देणं, ते खरं सांगतील, असा हिशेब. एरवी आमच्या शब्दाला कोण विचारत होतं? पण याबाबतीत आमचा मान मोठा होता.

दुपारची वेळ. मुलाची आत्या दारात आली, जाड भिंगाचा चष्मा, हातात छत्री. "आई आहे का गं घरात?"

"नमाज पढतेय," मी म्हटलं.

आई तिथेच होती, तीन हातांवर, दाराकडे पाठ करून. आत्याला थांबवायला हवं होतं. पाच मिनिटांचा प्रश्न होता. पण आत्याने मलाच विचारलं, "शेजारची मुलगी कशी आहे गं?"

"चांगली आहे," मी म्हटलं. आणि मग उचलली जीभ लावली टाळ्याला. "सोडायला येतात ना तिला, पुलापर्यंत."

"कोण येतात?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं, आणि गालात हसले.

मला पक्कं माहीत होतं. महिनाअखेरीस ताईला उशीर व्हायचा, तेव्हा तिच्या कचेरीतल्या दोन बायका, एक करी रोडची आणि एक काळाचौकीची, चिंचपोकळीच्या पुलापर्यंत तिच्यासोबत चालत यायच्या. मी स्वतः कितीदा पाहिलं होतं. एकीने मला पेरू दिला होता. "दोन बायका" एवढे दोनच शब्द मी गिळले. आत्या छत्री टेकत निघून गेली आणि आईने सलाम फेरून नमाज संपवली. ती चटईवर तशीच बसून राहिली.

चार दिवसांनी परळहून निरोप आला, जमत नाही. कारण लपून राहत नाही. "पुलापर्यंत कोणी सोडायला येतो म्हणे, शेजारची मुसलमानीणच सांगत होती." 'येतात'चं 'येतो' व्हायला चाळीची एक गॅलरी पुरली.

काकी आमच्या दारात आली तेव्हा सगळा मजला गॅलरीत उभा होता. "माझ्या चेडवाचा वाटोळा केलंस गो!" ती आईला म्हणाली. "तुझ्या घरचा मीठ खाल्लंय मी!" बावा आत बसले होते. मी पिंपामागे. आईने एकदाच मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मग बावांकडे. मग म्हणाली, "हो वहिनी. माझ्याच तोंडून गेलं."

मी गप्प राहिले. भीतीने नाही, हे आता कबूल करते. सुटले म्हणून गप्प राहिले. मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

बावा आईशी महिनाभर बोलले नाहीत. चाळीने तिचं नाव टाकलं. ईदला आमची सांदणं त्यांच्याकडे जायची, गणपतीला त्यांचे मोदक आमच्याकडे यायचे, ते सगळं कित्येक वर्षं बंद. आईने कोणाला सफाई दिली नाही. मला तर नाहीच. मी मॅट्रिक झाले, डी.एड. झाले, नोकरीला लागले, लग्न झालं, आणि लग्नानंतर परत त्याच चाळीत राहायला आले. ताईला पुढे आणखी स्थळं आली, आणि प्रत्येक स्थळाच्या आधी तो पूल जाऊन पोचला. चाळीतल्या बायका तिला पाठीमागे "पुलावरची" म्हणायच्या. माझ्या एका वाक्याने तिचा जन्म एकटीने गेला असं म्हणणं हासुद्धा एक माजच आहे, लोकांची तोंडं काय कमी होती? पण सुरुवात माझी.

(इथे कोणीतरी दंगलीचं विचारेल. मुसलमान आणि हिंदू शेजारी म्हटलं की लोकांना तेच ऐकायचं असतं, कोणी कोणाला वाचवलं. मी ते सांगायला बसलेली नाही. मला कोणी मारलं नाही. मीच मारलं, आणि तेही भर दुपारी, गालात हसत.)

इतकी वर्षं मी स्वतःशी एकच वकिली केली. मी खोटं कुठे बोलले? सोडायला येतच होत्या. पुलापर्यंतच येत होत्या. एक शब्द खोटा दाखवा! पण आमच्याकडे पाठीमागे बोललेलं खरं असलं तरी ते पापच, आणि खोटं असलं तर त्याहून मोठं. माझं तर धड खरंही नव्हतं आणि धड खोटंही. व्याकरणात बसवलेलं पाप. निवाड्याच्या दिवशी म्हणे तोंडाला कुलूप लागेल आणि हातपाय साक्ष देतील. माझ्या वेळी माझे गाल साक्ष देतील.

मग आई हजला निघाली. याला पंधराएक वर्षं झाली. चाळ अजून उभी होती. मी तिचा हात धरून तिला मजल्यावरच्या एकेका दारात घेऊन गेले. आईची पद्धत मोजकी, "बोललं-चाललं माफ करा." लोक म्हणायचे, "अहो त्यात काय, माफी कसली!" आई हलायची नाही. "तसं नको. माफ केलं म्हणा." माणूस चटकन म्हणून टाकायचा आणि ती पुढच्या दारात.

काकीच्या दारात मात्र ती खाली उंबऱ्यावर बसली. मधल्या काळात काकीचा नवरा गेला होता, तेव्हा आई न बोलावता जाऊन बसली होती, त्यानंतर दोन्ही घरांत थोडं येणंजाणं सुरू झालं होतं. पण त्या दुपारचा विषय कोणी काढला नव्हता. आईने तो काढला. म्हणाली, "वहिनी, त्या आत्याच्या वेळचं. ते माफ करा."

काकीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि हात उडवला. "जा गो बाय. तुझा पाप माझ्या डोक्यार!"

आपल्याकडे हे किती सहज म्हणतात. खा रे लाडू, पाप माझ्या डोक्यावर. काकीने मायेनेच म्हटलं. पण आईचा चेहरा पांढराफटक पडला. "नको वहिनी, असं बोलू नको! कोणाचं कोणाच्या डोक्यावर जात नाही!"

काकी हसली. "तुमच्यात जाना नाय, आमच्यात जाता."

ताई मागे उभी होती, हातात ओलं फडकं. आईने तिलाही विचारलं. "तू माफ केलंस?" ताई लगेच म्हणाली, "तुला? केलं." आणि आत निघून गेली. मी आईचा हात धरून उभीच. तोंडातून एक अक्षर नाही. पुन्हा एकदा सुटले.

जिन्यात मी आईला म्हटलं, "माझ्यासाठी तू कशाला मागितलीस?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्ही दोघी यावर बोललो.

आई कठड्याला धरून थांबली. म्हणाली, "तुझं कुठं मागितलं? मी माझं मागितलं. मी ऐकत होते त्या दिवशी. नमाज मोडून उठता आलं असतं. त्या बाईला पायऱ्यांवर गाठून सांगता आलं असतं, दोन बायका येतात म्हणून. नाही उठले. तुझी शाळा जाईल म्हणून नाही उठले. ते माझं."

"आणि चाळीत इतकी वर्षं माझं म्हणून ऐकून घेतलंस ते?"

"चाळीत उचलता येतं गे," ती म्हणाली. "वर नाही. तुझं आहे तिथंच आहे. काकीच्या दारात. जा आणि मोकळी हो."

"जाईन," मी म्हटलं. आई जाऊन आली, मक्केच्या झमझम विहिरीचं पाणी काकीकडे आणि ताईकडे स्वतः देऊन आली. दरवर्षी एकदा तरी विचारायची, गेलीस? मी म्हणायचे, जाईन. शाळेचे पेपर होते, मुलीची परीक्षा होती, चाळ रिकामी करायची होती, माझ्याकडे कारणांना काय तोटा! मग काकी गेली. त्यानंतर दोन वर्षांनी आई गेली. नवा टॉवर उभा राहिला, लिफ्टमध्ये ताई भेटली की मी "कशी आहेस?" विचारायचे आणि आकडे बघत राहायचे.

तर त्या ताईने मोबाइलवर दोनदा हात जोडले होते, आणि माझी मुलगी म्हणत होती, झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. ताई जमिनीवर वर्तमानपत्र पसरून डाळिंब्या सोलत होती, मोड आलेले वाल, एकेक दाबायचा आणि साल काढायचं. मी समोर बसले आणि सवयीने सोलायला लागले. चहा झाला. गुडघ्यांचं बोलून झालं. मग मी म्हटलं, "ताई, मला माफी मागायचीय."

"मेसेज आला ना. हात जोडले मी."

"तो नव्हे." आणि मी सांगितलं. कर्तरी प्रयोगात सांगितलं. मी म्हणाले. मी दोन बायका म्हणाले नाही. मी हसले. मी पिंपामागे लपले. मी आईच्या आड राहिले. सांगताना हात थांबले नाहीत, वाल सोलत राहिले, नाहीतर सांगताच आलं नसतं.

ताई म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"कसं?" मी विचारलं.

"निरोप घेऊन आलेल्या माणसाने आत्याचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. 'सोडायला येतात ना तिला, पुलापर्यंत.' तुझी आई जन्मात कधी सोडायला म्हणाली होती का? ती पोचवायला म्हणायची. जनावराला सोडतात, माणसाला पोचवतात, म्हणून तुला ओरडायची. ते वाक्य तुझं होतं." तिने एक साल बाजूला टाकलं. "आणि 'येतात' तर माझंच होतं. गॅलरीत बसून मीच शिकवलं होतं तुला."

"काकीला?"

"तिलाही माहीत होतं. भांडून आल्यावर मीच सांगितलं, आणि शपथ घातली की बाहेर बोलायचं नाही. बोलली असती तर तुझ्या बापाने त्याच दिवशी तुझी शाळा बंद केली असती. माझं गेलंच होतं. म्हटलं, हिचं तरी राहू दे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणून तुझी आई उंबऱ्यावर बसली तेव्हा माझी आई म्हणाली, पाप माझ्या डोक्यावर. ती तुझ्याकडे बघून म्हणाली होती. तू खाली बघत होतीस."

माझी शाळा. माझी एकतीस वर्षं. माझं मराठी. मला रडू आलं, आणि रडण्याचाही राग आला, कारण आता रडून ताईकडून पाणी प्यायचं, पाठीवर हात फिरवून घ्यायचा, म्हणजे पुन्हा तिनेच करायचं. मी पदर तोंडावर दाबला.

"ताई, माफ कर," मी म्हटलं.

"नाही," ती म्हणाली.

अगदी साध्या आवाजात म्हणाली, भाजी नको असं भाजीवाल्याला सांगतात तसं. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तुझ्या आईला केलं. तिने मागितलं, मी दिलं, मनापासून. तुझी मी वाट बघितली. तू लग्न करून परत चाळीत आलीस तेव्हा बघितली. माझी आई वारली तेव्हा वाटलं, आता येईल. लिफ्टमध्ये तू आकडे बघायचीस तेव्हासुद्धा. आता तुझं विमान आहे म्हणून आलीस. विमान नसतं तर आली असतीस?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "नाही."

"मग? हे तुझ्या विमानासाठी आहे. माझ्यासाठी काय आहे यात?" तिने वालांची टोपली जवळ ओढली. "तुझ्या आईने उचललं. माझ्या आईने उचललं. मी पण उचललं इतकी वर्षं, पुलावरची म्हणवून घेऊन. आता तुझं तू उचल. जा, जाऊन ये. आल्यावर परत ये आणि माग. तेव्हाही बहुतेक नाहीच म्हणेन."

मी उठले. दारापर्यंत ती आली नाही. मागून म्हणाली, "पाणी आण. तुझ्या आईने आणलं होतं ते संपलं."

मी जिन्याने दोन मजले चढले, लिफ्टची वाट बघत उभं राहवेना. हजला मी जाणार आहे, सगळे म्हणतात बोलावणं आल्याशिवाय कोणी जात नाही. तिथे लोक म्हणे आईच्या पोटातून आल्यासारखे कोरे होऊन परततात. मी काही कोरी होऊन येणार नाही. मी बाटली घेऊन येईन आणि नवव्या मजल्यावर जाईन, आणि पुन्हा जाईन.

घरात शिरले तर मुलगी बॅगेला नावाची चिठ्ठी चिकटवत होती. माझे डोळे बघून उठली. मग तिला सगळं सांगितलं, आत्यापासून वालापर्यंत. ती फोन उघडून मला दाखवत म्हणाली, "पण अम्मी, हे बघ ना, मेसेजवर तर त्यांनी हात जोडले होते."

"ते तुला जोडले," मी म्हटलं. "माफी तू मागितली होतीस."